मुलांच्या आधी मोठ्यांची शाळा



आपल्या शाळांमध्ये वर्षातून एकदा 'खरी कमाई'चा दिवस असतो. पोरं शाळेच्या अंगणात टेबलं मांडतात. कोणी भेळ करतं, कोणी लिंबू सरबत, कोणी उकडलेल्या शेंगा. बटाटे आईनं पहाटे उकडून दिलेले असतात आणि गिऱ्हाईकही बहुतेक आयाच असतात, तो भाग वेगळा. पण पैसे मोजायचे पोरांनी आणि हिशोब मांडायचा तोही पोरांनी. हा उपक्रम स्काउट-गाईडचा. गळ्यात स्कार्फ, कंबरेला पट्टा आणि तीन बोटांची सलामी, ते स्काउट-गाईड.

आज मी त्या पोरांविषयी बोलणार नाही. त्यांच्या मागं जी मोठी माणसं उभी असतात, त्यांच्याविषयी बोलणार आहे. कारण सांगते. आपल्या प्रभागात उन्हाळ्यात किशोरी मुलींची शिबिरं घ्यायचं चाललंय. ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय निघाला की पहिला प्रश्न जेवणाचा येतो, दुसरा गाडीचा. मुलींना नेणार कोण, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "ती अमकी आहे ना, उत्साही आहे, ती नेईल." उत्साह हवाच. पण दुसऱ्याची लेकरं दोन दिवस आणि एक रात्र सांभाळायला उत्साह पुरतो का? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात स्काउटवाल्यांना पडला होता. त्यांना त्याचं धड उत्तर सापडायला अकरा-बारा वर्षं लागली. तीच हकिकत आज ऐका.

रॉबर्ट बेडन-पॉवेल नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. आफ्रिकेतल्या लढायांमुळं त्याचं नाव घरोघरी झालेलं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये तो वीसेक मुलं घेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर गेला. त्यात काही मुलं बड्या घरची, महागड्या शाळांतली होती, तर काही कामगारांच्या घरची. त्यानं मुलांच्या चार तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीवर नायक म्हणून त्यांच्यातलाच एक मुलगा नेमला. तुकडीला इंग्रजीत 'पेट्रोल' म्हणतात, आपल्या पंपावरचं नव्हे. आठवडाभर तंबूत राहणं, चूल पेटवणं, माग काढणं, गाठी मारणं असं चाललं. जे करायचं ते तुकडीनं, आपल्या नायकाच्या सांगण्यावरून.

पुढच्याच वर्षी, १९०८ च्या जानेवारीपासून, त्याचं 'स्काउटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक पंधरा-पंधरा दिवसांनी भागाभागानं निघालं. एका भागाची किंमत चार पेन्स. मग जे झालं ते खुद्द त्यालाही अपेक्षित नव्हतं. पोरांनी पुस्तक वाचलं आणि आपापल्या गल्लीत, आपापल्या गावात तुकड्या काढल्या. कोणाची परवानगी नाही, कुठं नोंदणी नाही. पोरं आधी जमली आणि मग आपल्याला एखादा मोठा माणूस मिळतो का, ते शोधत निघाली. कुठं चर्चचा पाद्री मिळाला, कुठं निवृत्त शिपाई, कुठं कॉलेजातला तरुण. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर मेळावा भरला, तेव्हा अकरा हजारांच्या आसपास मुलं आली. त्यात काही मुलीही होत्या, कोणी न बोलावता स्काउटसारखा वेश करून आलेल्या. आम्हीही स्काउट आहोत, असं त्यांनी बेडन-पॉवेलला तोंडावर सांगितलं. त्या मुलींमुळंच पुढच्या वर्षी, १९१० साली, गर्ल गाईड्स सुरू झाल्या. त्यांची जबाबदारी त्याच्या बहिणीनं, ॲग्नेसनं घेतली. मला हा प्रसंग फार आवडतो. बोलावणं आलं नाही म्हणून त्या पोरी घरी बसून राहिल्या नाहीत.

पण बघा, आपल्या बचत गटांचंही असंच झालं नाही का? गट झपाट्यानं वाढले, आणि ते नीट चालवू शकणाऱ्या बाया मात्र त्या वेगानं तयार झाल्या नाहीत. तिथं दोन-तीन वर्षांत स्काउटांची संख्या लाखाच्या घरात गेली. मुलांसाठी पुस्तक होतं. मोठ्यांसाठी काय होतं? इकडेतिकडे काही व्याख्यानं झाली. हुशार माणसं यायची, बोलायची, टाळ्या वाजायच्या आणि मास्तर आपापल्या गावी परतायचे. व्याख्यान ऐकून तंबू उभा करता येत नाही, हे आपल्यासारख्या, हातानं काम करणाऱ्या बायकांना कोणी वेगळं सांगायला नको.

१९१२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या वॉलवर्थ या कामगार वस्तीतलं एक पथक नावेतून शिबिराला निघालं होतं. लेजडाउनच्या किनाऱ्याजवळ अचानक वाऱ्याचा झोत आला आणि नाव उलटली. त्यांच्या स्काउटमास्तरनं पाण्यात जिवाची बाजी लावून काही मुलांना वाचवलं. तरी नऊ मुलं गेली. सारं लंडन हळहळलं. नौदलाच्या जहाजातून त्यांचे देह थेम्स नदीतून आणले गेले. त्या दिवशी दोष कोणाचा होता, याचा निवाडा मी इथं माइकसमोर बसून करणार नाही. वारा कोणाच्या हातात नसतो. पण त्यानंतर मुलाला शिबिराला पाठवताना प्रत्येक आईच्या मनात एक प्रश्न आलाच असेल: माझ्या लेकराबरोबर कोण आहे आणि त्याला काय काय येतं? तो प्रश्न रास्तच होता.

मग १९१४ ला पहिलं महायुद्ध लागलं. स्काउटमास्तर तरुण होते, ते लढाईवर गेले. त्यातले कितीतरी परत आले नाहीत. रोलंड फिलिप्स नावाचा एक तरुण लंडनच्या गरीब पूर्व भागात स्काउटचं काम करायचा. मुलांच्या तुकडीला खरी जबाबदारी कशी द्यायची, यावर त्यानं १९१४ साली पुस्तक लिहिलं. १९१६ च्या जुलैत फ्रान्समध्ये लढताना तो मारला गेला. त्यानं पूर्व लंडनमधलं आपलं घर स्काउटांसाठी ठेवलं होतं. मोठे गेले तरी बऱ्याच ठिकाणी पथकं मोडली नाहीत. तेरा-चौदा वर्षांच्या तुकडीनायकांनी ती चालवली. आणि जिथं आठ ते अकरा वर्षांची बारकी पोरं होती, म्हणजे १९१६ पासूनचे 'कब', तिथं बायका पुढं आल्या. व्हेरा बार्कले ही त्यातली एक. कबच्या मुख्य पुस्तकाच्या कामात तिनं बेडन-पॉवेलला मदत केली. गड्यांचं काम बायकांच्या अंगावर आलं, तेव्हा बायकांना ते जमतं की नाही, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

युद्ध संपलं तेव्हा मुलं होती, पुस्तकं होती, आणि शिकलेली मोठी माणसं मात्र फार थोडी उरली होती.

इथं हकिकतीत एक स्कॉटिश व्यापारी येतो, डब्ल्यू. डी बॉइस मॅक्लॅरन. तो स्वतः स्काउटचं काम करायचा. लंडनच्या दाट वस्तीतल्या मुलांना तंबू ठोकायला साधा जमिनीचा तुकडाही नाही, हे त्याला बोचलं. १९१८ च्या शेवटी त्यानं जागा घेऊन द्यायची तयारी दाखवली. बेडन-पॉवेलच्या मनात मोठ्यांना शिकवायचं कायमचं ठिकाण होतं. दोघांच्या दोन गरजा एकाच जागेत बसल्या. लंडनच्या कडेला, एपिंगच्या जंगलालगत 'गिलवेल पार्क' नावाची पंचावन्न एकरांची पडीक वाडी होती. मॅक्लॅरननं ती सात हजार पौंडांना घेऊन दिली आणि डागडुजीला आणखी पैसे दिले. घर पडायला आलेलं, बागेत झाडोरा माजलेला. १९१९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या पूर्व भागातली तरुण स्काउट पोरं ती साफ करायला गेली. जमीन इतकी ओली होती की तंबू ठोकता येईना, म्हणून पहिल्या रात्री ती माळ्याच्या मोडक्या खोपटात झोपली. त्या खोपटाचं नाव त्यांनी ठेवलं 'डुकरांचा गोठा'. पोरं कुठलीही असोत, नावं ठेवण्यात तरबेज असतात.

जुलैमध्ये जागेचं उद्घाटन झालं आणि ८ सप्टेंबर १९१९ ला तिथं पहिलं प्रशिक्षण सुरू झालं. बारा दिवसांचं. एकोणीस पुरुष आले. प्रमुख होता फ्रान्सिस गिडनी. बेडन-पॉवेल स्वतः शिकवायला होता.

आता त्या बारा दिवसांत काय झालं, तिथं मला जरा थांबायचं आहे, कारण सगळी गोम तिथंच आहे.

त्या एकोणीस मोठ्या माणसांना बाकांवर बसवलं नाही. अर्ध्या चड्ड्या घातलेल्या, बाह्या दुमडलेल्या त्या माणसांच्या तुकड्या पाडल्या, मुलांच्या पाडतात तशाच. तंबूत झोपायचं. चूल आपणच पेटवायची, आपणच शिजवायचं. भात करपला तर करपलेलाच खायचा. त्यांचा भात नसेल, दुसरं काही असेल, पण करपणं सगळीकडं सारखंच. आणि तुकडीचा नायक आळीपाळीनं बदलायचा. म्हणजे आज जो हुकूम देतोय, तो उद्या लाकडं गोळा करणार. युद्धावरून आलेल्या अधिकाऱ्यांना हुकूम सोडायची सवय, मास्तरांना व्याख्यान द्यायची. दोघांनाही इथं पोर व्हावं लागलं. तुकडीत नवखा असताना कसं वाटतं, आपल्यापेक्षा चलाख माणूस सगळं ओढून घेतो तेव्हा मागं राहिलेल्याला काय वाटतं, नायक नुसता ओरडत राहिला तर कामाचा कसा विचका होतो, हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिलं.

या प्रशिक्षणाचा सगळ्यात मोठा फायदा मला गाठी मारायला आल्या, यात दिसत नाही. मोठ्या माणसाला हात मागं ठेवायला शिकवलं, यात दिसतो. मुलगी गाठ मारायला चुकतेय, आणि आपल्याला ती दोन सेकंदांत मारता येते, तेव्हा न मारता थांबणं. हे फार अवघड आहे. आया असलेल्या बायकांना तर आणखी अवघड. आपल्या गटांत काय होतं? सचिव हुशार असते, म्हणून वही तीच लिहिते, बँकेत तीच जाते, साहेबांशी तीच बोलते. बाकीच्या नऊ जणी सही करतात. पाच वर्षांनी ती सचिव लग्नाला गेली तर त्या महिन्यात गटाची बैठकच होत नाही. गिलवेलमध्ये रोज नायक बदलायचा तो याचसाठी.

ते शिक्षण पूर्ण करणाऱ्याला बक्षीस म्हणून काय द्यायचं, असा प्रश्न आला. बेडन-पॉवेलकडं दक्षिण आफ्रिकेतली एक लांबलचक माळ होती, बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या लाकडाचे हजारभर मणी ओवलेली. ती झुलू लोकांचा राजा दिनिझुलू याची. त्यातले दोन-दोन मणी काढून शिकलेल्यांना दिले. लवकरच मूळ मणी पुरेनात, तेव्हा एक जुना आणि एक नवा कोरलेला, असे देऊ लागले. कातडी वादीत ओवून गळ्यात घालायचे. त्याला नाव पडलं 'वूड बॅज', लाकडी बिल्ला. सोन्याचांदीचा नाही, हे छानच झालं. पण ती माळ त्याच्याकडं आली कशी, याच्या हकिकती निरनिराळ्या सांगतात. इंग्रजांनी दिनिझुलूला पकडून दूर सेंट हेलेना बेटावर कैदेत ठेवलं होतं. राजा बंदिवासात आणि त्याची माळ इंग्रज अधिकाऱ्याच्या पेटीत, एवढं समजलं तरी आपल्यासारख्या, इंग्रजी राज्य पाहिलेल्या देशातल्या माणसाला बाकीचं उमगतं. चांगल्या कामाच्या गळ्यात हे मणी आहेत, आणि ते आले त्या वाटेनं आलेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पुढं या शिक्षणाचे तीन भाग ठरले. पहिला भाग घरी बसून वाचायचा, प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवायची. दुसरा भाग शिबिराचा. आणि तिसरा भाग आपापल्या गावी, आपल्याच पथकात, काही महिने काम करून दाखवायचं. वरचा माणूस येऊन पाहणार आणि मग मणी. म्हणजे शिबिराच्या शेवटच्या दिवशी फोटो काढून, प्रमाणपत्र हातात देऊन सगळ्यांना एसटीत बसवायचं नाही. तू घरी गेल्यावर काय केलंस, ते पाहिल्याशिवाय तू शिकलीस असं कोणी म्हणणार नाही.

आपण सगळ्यांनी ती दुसरी तऱ्हा पाहिलेली आहे. सभागृह, बॅनर, नाश्त्याला पोहे, अकरा वाजता येणारे पाहुणे, दीड वाजता जेवण, तीनला सह्या. दशसूत्री एका सुरात म्हणायची. घरी गेल्यावर पुढचे सहा महिने कोणी विचारत नाही. अशा दिवसाला प्रशिक्षण म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. याउलट ज्या वर्धिनी ताई दुसऱ्या गावात फेरीला जाऊन, मुक्काम करून, बाया जमवून गट उभा करून येतात, त्यांना विचारा. त्या सांगतील की खरं शिकणं त्या फेरीत झालं. गिलवेलचा तिसरा भाग म्हणजे हीच गोष्ट.

गिलवेलहून शिकून आलेल्यांचा एक खास स्कार्फ असतो. त्याच्या टोकाला मॅक्लॅरनच्या घराण्याच्या चौकटीच्या कापडाचा छोटा तुकडा शिवलेला असतो, जागा देणाऱ्याची आठवण म्हणून. अधिकारी असो की साध्या पथकाचा मास्तर, स्कार्फ एकच. १९२९ साली बेडन-पॉवेलला इंग्लंडच्या राजानं लॉर्ड केलं, तेव्हा नावापुढं लावायला त्यानं गिलवेल हेच नाव घेतलं. आयुष्यात इतक्या लढाया लढला, पण नावात जागा लावली ती शिकवण्याची.

बायकांकडं काय चाललं होतं? बेडन-पॉवेलची बायको ओलेव्ह त्याच्याहून बत्तीस वर्षांनी लहान. १९१४ साली तिनं गाईड्सच्या कामात मदत देऊ केली, तर तिला नकार मिळाला. दोन वर्षांनी तिला ससेक्स या एका भागाची जबाबदारी मिळाली. तिथं तिनं ठिकठिकाणी काम सांभाळणाऱ्या बायका शोधून उभ्या केल्या, आणि त्याच वर्षी ती देशभरच्या गाईड्सची मुख्य झाली. १९२२ मध्ये एका अमेरिकन बाईनं इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्ट भागातलं आपलं 'फॉक्सलीज' नावाचं मोठं घर गाईड्सना देऊन टाकलं, गाईड चालवणाऱ्या बायकांना शिकायला. राजकन्या मेरीच्या लग्नात भेट म्हणून जमा झालेल्या पैशांतून त्या घराच्या देखभालीला रक्कम आली. मुक्कामाचं, बायकांचं, बायकांनी चालवलेलं शिकण्याचं घर. त्या काळात घरच्यांनी किती जणींना तिथं मुक्कामाला सहज जाऊ दिलं असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. तुमच्या पहिल्या मुक्कामी प्रशिक्षणाच्या वेळी घरात काय झालं होतं, ते आठवा.

आपल्या देशात स्काउट आलं ते १९०९ साली, बंगळूरला. पण ते इंग्रजांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदुस्थानी पोरांना शिस्त, संघटना, नकाशे वाचणं शिकवावं, हे सरकारला नको होतं. भीती कशाची, ते सांगायला नको. मग आपल्या लोकांनी स्वतःची काढली. मद्रासकडं ॲनी बेझंट बाईंनी हिंदी मुलांची वेगळी स्काउट संघटना उभी केली. त्यात मुलं आपला फेटा बांधायची, आपली गाणी म्हणायची. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काउट उभे केले. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल इकडं आला आणि बेझंट बाईंची संस्था मूळ संस्थेत आली. सेवा समितीवाले मात्र वेगळेच राहिले.

आपल्या विदर्भाच्या बायकांना सांगायला हवं की नागपूरच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी जुन्या मध्य प्रांतात वर्षानुवर्षं स्काउटचं काम केलं. पुढं ते सर्वोच्च न्यायालयात गेले. स्वातंत्र्यानंतर सगळ्या निरनिराळ्या संघटना एक करून ७ नोव्हेंबर १९५० ला 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' झाली. गर्ल गाईड्स तिच्यात १५ ऑगस्ट १९५१ ला आल्या. बोस या संस्थेचे मुख्य राष्ट्रीय आयुक्तही होते.

गंमत बघा, गिलवेलचाही आपल्याकडं एक धागा आहे. गिडनीनंतर १९२३ पासून वीस वर्षं गिलवेलचं शिक्षण ज्यानं सांभाळलं, तो जे. एस. विल्सन कलकत्त्याचा पोलीस अधिकारी. स्काउटचं काम तो कलकत्त्यात शिकला. म्हणजे साऱ्या जगातल्या स्काउटमास्तरांना शिकवणारा माणूस आपल्याकडच्या गल्ल्यांत घडला होता.

आज भारतात स्काउट-गाईडचं पथक चालवायचं तर आधी बेसिक कोर्स करायचा. त्यानंतर शाळेत काम करायचं, मग ॲडव्हान्स कोर्स, पुन्हा काम, आणि शेवटी 'हिमालय वूड बॅज'. मध्य प्रदेशात पचमढीला त्याचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. कागदावर रचना चांगली आहे, जुन्या तीन भागांची आठवण देणारी. प्रत्यक्षात कसं असतं, तेही बोलू. शाळेत नव्यानं आलेल्या बाईंच्या गळ्यात गाईड पडतं, कारण जुन्यांना नको असतं. पोषण आहार, आधार, निवडणूक, सर्वेक्षण यांच्यावर हे आणखी एक. मग त्या बाई कोर्सला जातात त्या कपाळाला आठ्या घालूनच. मी अशाही बाई पाहिल्यात ज्या आठ्या घालून गेल्या आणि हसत परतल्या, कारण कित्येक वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना काही शिकवलं होतं, नुसतं मागितलं नव्हतं.

आणि आपल्या घराजवळची गोष्ट. पुण्यात आळंदी रस्त्यावर 'संगम' नावाचं केंद्र आहे. जगभरच्या गाईड मुलींच्या आणि बायकांच्या जागतिक संघटनेनं जगात आधी स्वित्झर्लंड, लंडन आणि मेक्सिको इथं आपली केंद्रं केली होती. चौथं केलं पुण्याला. १६ ऑक्टोबर १९६६ ला ओलेव्ह बेडन-पॉवेल स्वतः उद्घाटनाला आली होती, तेव्हा ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. देशोदेशीच्या बायका तिथं शिकायला, शिकवायला येतात. आळंदीच्या वारीला जाताना त्या रस्त्यानं कितीतरी जणी गेल्या असाल.

आता एक जड गोष्ट. ती टाळून मला हा विषय पुढं नेता येणार नाही. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स या संस्थेनं २०२० च्या फेब्रुवारीत दिवाळखोरी जाहीर केली. कारण लहानपणी शिबिरांत, पथकांत मोठ्या माणसांनी आमच्यावर लैंगिक अत्याचार केले, असे दावे पुढं आले. किती? ब्याऐंशी हजारांहून जास्त. चांगल्या नावाची, शंभर वर्षांची संस्था, आणि आत हे. स्वतःहून, फुकट, मुलांसाठी वेळ देतो म्हणून पुढं येणारा प्रत्येक माणूस चांगलाच असतो, असं धरून चाललं की काय होतं, ते यातून दिसतं. आता तिथं प्रत्येक मोठ्या माणसाला मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण आधी घ्यावंच लागतं. आणि नियम आहे की कोणत्याही कार्यक्रमाला किमान दोन मोठी माणसं हवीत, एकट्या मोठ्यानं एकट्या मुलाबरोबर राहायचं नाही. प्रशिक्षणानं वाईट माणूस चांगला होतो, असं मी म्हणत नाही. पण बाकीच्या चांगल्या माणसांना काय पाहायचं, कुठं शंका घ्यायची आणि कोणाला सांगायचं, हे प्रशिक्षणानं कळतं. आणि मुलींनाही कळतं की या ताईला विचारता येतं.

म्हणून आपल्या उन्हाळी शिबिरांचं ठरवताना माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक गावातून एक नाही, दोन बाया निवडायच्या. त्यांनी आधी दोन रात्री स्वतः मुलींसारखं शिबिरात राहायचं. चूल पेटवायची, तुकडीत काम वाटून घ्यायचं, रोज नायक बदलायची. साप चावला तर, पोटात दुखलं तर, पाळी आली तर, नदीत उतरायचं नाही म्हटलं आणि मुलगी उतरली तर काय करायचं, हे करून पाहायचं. प्रथमोपचार शिकवायला गावच्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना बोलवायचं. मग त्यांनी आपल्या गावात महिनाभर दर रविवारी मुली जमवून दाखवायच्या, आणि प्रभागातून एखादी ताई जाऊन पाहील. त्यानंतर शिबिर. यासाठी खर्च लागतो. प्रवासभाडं लागतं, दोन दिवसांची मजुरी बुडते, ती कोणी भरून द्यायची, हा प्रश्न बैठकीत मांडावा लागेल. ज्या बाई पगार घेत नाहीत, त्यांच्यावर निदान शिकण्याचा खर्च तरी पडू नये. मॅक्लॅरननं सात हजार पौंड मोजले ते आधी जमिनीवर, ही गोष्ट ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत सांगायला हरकत नाही. आपल्याला पंचावन्न एकर नकोत. शाळेचं मैदान आणि दोन रात्रीचा शिधा पुरेल.

आणि तुमच्या मुलीच्या शाळेत गाईडच्या बाई असतील, तर खरी कमाईच्या दिवशी भेळ घेताना त्यांच्या गळ्याकडं बघा. कातडी वादीत दोन लाकडी मणी दिसले तर त्यांना म्हणा, एकदा आमच्या ग्रामसंघात या, तुम्ही ते कसे मिळवलेत ते आम्हाला सांगा. नसतील दिसले, तर विचारा की कोर्सला जायचं असेल तर शाळेला काय अडचण आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यातल्या किती जणी आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच.